कारण लिहिण्याचा रकाना

त्यांची पहिली भेट एका भांडणामुळे झाली. आणि ते भांडण त्या दोघांचे नव्हते. संग्रहालयाच्या तिसऱ्या मजल्यावरील नकाशा-दालनातला एक कॉम्प्युटर आणि दुसऱ्या मजल्यावरील वाचनकक्षातला एक वयोवृद्ध प्रिंटर हे दोघे एकाच पत्त्यावर हक्क सांगत होते. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो, आणि तो एका वेळी एकाचाच असावा लागतो. दोघांनी एकच पत्ता धरला, की याचा निरोप त्याला जातो, त्याचा याला, आणि अखेरीस दोघेही मुके होतात. त्या सकाळी प्रिंटरमधून कागदाऐवजी नुसती घरघर बाहेर पडत होती, आणि वाचकांची सहनशक्ती संपत आली होती.

तळघरातून जिने चढत तो वर आला. इमारतीतल्या साडेआठशे यंत्रांना पत्ते वाटायचे, कोणते नाव कोणत्या पत्त्यावर राहते याची वही राखायची, हे त्याचे काम. ती वही कागदाची नव्हती, कॉम्प्युटरातलीच होती. पण त्याने तिला कायम वहीच म्हटले, आणि सगळ्यांनी त्याला ‘कारभारी’.

दालनाचे दार ढकलताच खळीचा ओलसर, पिठूळ वास आला. एका लांबरुंद टेबलावर ती वाकली होती. उजव्या हातात चिमटा, दातांत ब्रश. तिने वर न पाहताच दातांमधून म्हटले, “हलू नका.”

“मी हललोच नाही.”

“श्वास सोडलात. तिथं एक बेट आहे, उडून जाईल.”

त्याने पाहिले. चिमट्याच्या टोकाशी नखाएवढा कागदाचा कपटा थरथरत होता, आणि त्या कपट्यावर खरोखरच एक बेट होते. त्याने श्वास रोखला. तिने बेट उचलले, समुद्रात त्याच्या जागी ठेवले, वरून ब्रशचा अगदी हलका हात फिरवला… आणि मग मान वर करून त्याच्याकडे पाहिले. डोळे हसरे होते. कपाळावर खळीचा एक पांढरा डाग वाळला होता.

“घ्या आता श्वास,” ती म्हणाली.

पुढे अनेकदा त्याला वाटले, की त्या दिवशी तिने परवानगी दिली ती तेवढ्यापुरती नव्हती.

“या कॉम्प्युटरात पत्ता कोणी भरला?” त्याने विचारले.

“मी.”

“आणला कुठून?”

“खालच्या प्रिंटरवर चिठ्ठी चिकटवलेली होती. म्हटलं, त्याचं चालतंय तर माझंही चालेल.”

“म्हणजे दुसऱ्याच्या घराचा क्रमांक आपल्या दारावर लावलात.”

“मग मला माझा द्या! मी काही प्रिंटरचं घर बळकावायला आले नाही.”

तो खुर्चीत बसला आणि तिने भरलेले आकडे पुसले. “आता हा रोज सकाळी आपणहून पत्ता मागेल आणि त्याला मिळेल. आठ तासांसाठी.”

“आठच तास?”

“निम्मा वेळ गेला की तो पुन्हा विचारतो, ‘राहू का?’ खालचा सर्व्हर ‘हो’ म्हणतो.”

“आणि ‘नाही’ म्हणाला तर?”

“अजून तरी म्हणालेला नाही.”

“आणि कायमचा पत्ता?”

“त्याला अर्ज लागतो. अर्जात कारणाचा रकाना असतो. कारणाशिवाय मी कुणालाही पत्ता राखून देत नाही.”

दोन दिवसांनी अर्ज आला. अक्षर नकाशावरच्या अक्षरांसारखे, तिरके आणि रेखीव. नाव, दालन, यंत्राचा क्रमांक, सगळे बिनचूक. आणि कारणाच्या रकान्यात एकच ओळ: ‘मला इथे राहावंसं वाटतं.’

त्याने ती ओळ तीनदा वाचली. राखीव पत्ते प्रिंटरांना, सर्व्हरांना, दरवाजांच्या कुलपांना. सहा महिन्यांच्या करारावर आलेल्या माणसाच्या कॉम्प्युटरला नाही, हा नियम त्याने स्वतः लिहिला होता. त्याने अर्जावर शेरा मारला, ‘नामंजूर. कारण नियमात बसत नाही.’ मात्र कागद फाइलला न लावता आपल्या खणात ठेवला. का, ते विचारायला त्याच्या स्वतःच्या अर्जात रकाना नव्हता.

शेजारच्या टेबलावर मावशी बसत. त्या कोणाच्याच मावशी नव्हत्या. निवृत्तीला दोन वर्षे उरलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवणाऱ्या, आणि फाइल न उघडता आतला मजकूर ओळखणाऱ्या. त्या म्हणाल्या, “नामंजूर अर्ज तांबड्या फाइलीत जातात ना, कारभारी?”

“जातात.”

“हा खणात गेला.”

“नंतर लावतो.”

“लावा हो लावा. मी आपली नियमाचं विचारते.”

त्यानंतर तिच्या कॉम्प्युटरला आठवड्यातून दोनदा काहीतरी होऊ लागले. आणि ज्या दिवशी त्याला काही होत नसे, त्या दिवशी तिला तळघरात काम निघे. यंत्रांच्या खोलीत पुढून गार वारा आणि मागून गरम झोत येतो, हे तिने शोधून काढले होते. खळीच्या पाण्याने गारठलेले हात ती मागच्या झोतात धरून उभी राही.

“ही शेकोटी नाही,” तो म्हणे.

“मला माहीत आहे. शेकोटीजवळची माणसं जरा बरं बोलतात.”

“टिपकागद मात्र इथे वाळवू नका. ओल चालत नाही.”

“हात चालतात?”

तो दिव्यांची उघडझाप पाहत राही. पण हातांबद्दल त्याने नियम केला नाही.

अशाच एका दुपारी तिने विचारले, “मी ‘नकाशे’ एवढंच लिहिलं की माझं पान उघडतं. ते नाव माझ्या टेबलापर्यंत पोचतं कसं?”

तिने नकाशा-दालनाचे एक पान सुरू केले होते. रोज अकरा वाजता ती त्यावर एक नकाशा लावी आणि खाली एक ओळ लिही. ‘नकाशे’ हे नाव वहीत त्यानेच नोंदले होते.

“तुमचा कॉम्प्युटर माझ्या वहीला विचारतो, ‘नकाशे कुठे राहतात?’ वही पत्ता सांगते. तो पत्ता कॉम्प्युटर एक दिवस लक्षात ठेवतो. त्या दिवसात पुन्हा विचारत नाही.”

“आणि मधेच पत्ता बदलला तर?”

“तर तो जुन्याच दाराशी जातो. म्हणून दुसरा नियम… जागा बदलली, तरी जुनं यंत्र एक दिवस चालू ठेवायचं. पाहुणा बंद दारापाशी येऊ नये. आधी सांगितलं, तर आदल्या दिवशीच मी ती लक्षात ठेवायची मुदत कमी करतो.”

“नेहमीच कमी का नाही ठेवत? पाच मिनिटं?”

“मग साडेआठशे यंत्रं सारखी विचारत बसतील.”

“विचारू दे की,” ती झोतात बोटे उघडमीट करत म्हणाली. “विचारण्यात काय जातं?”

पानावरच्या ओळी हळूहळू बदलू लागल्या. एकदा तिने एका पिवळट नकाशाखाली लिहिले, ‘यात एकाच गावाचे नाव दोन ठिकाणी आहे. नावांचा कारभार पाहणाऱ्यांनी लक्ष घालावे.’ त्याने रीतसर तक्रारीचे उत्तर धाडले: ‘तक्रार पोचली. चौकशीअंती दोन्ही गावे खरी आढळली. नकाशा काढणाऱ्याचे मन एका गावात रमले नसावे.’ दुसऱ्या दिवशी नकाशाखाली ओळ होती, ‘मन कुठे रमते, हे तपासणारे यंत्र तळघरात आहे काय?’

सकाळी नऊला कामावर येताच तो ते पान उघडी. कालचाच नकाशा असे, तो पुन्हा पाही. मग अकराला. मग दुपारी, डबा उघडण्याआधी.

“सर्व्हर तपासताय वाटतं?” मावशी विचारत.

“पान नीट उघडतंय ना, ते पाहतोय.”

“उघडतंय, उघडतंय. माणूस कधी उघडतोय तेवढं बघायचं.”

तिच्याविषयी त्याला हळूहळू कळत गेले. वडिलांच्या बदल्यांत तिचे लहानपण खोक्यांतून बाहेर येऊन पुन्हा खोक्यांत गेले. आता ती दादा-वहिनीकडे बाहेरच्या खोलीत, घडीच्या पलंगावर झोपे. “वहिनी चांगली आहे हो,” ती एकदा म्हणाली. “पण सकाळी पलंग मिटला की मी राहते याची खूणच उरत नाही. ती म्हणते, तू बॅग पूर्ण उघडतच नाहीस. मी म्हणते, ठेवू कुठं?”

त्याला तेव्हा खणातला कागद आठवला. बोलावे असे फार वाटले. पण करार संपायला महिना होता, तिचे पुढचे ठरायचे होते, आणि अपुऱ्या माहितीवर बोलणे त्याला आयुष्यभर नापसंत होते.

पुढचे मंगळवारी ठरले. समुद्राकाठच्या एका शहरातल्या संग्रहालयाने तिला कायमची जागा देऊ केली होती. ती पत्र घेऊन खाली आली आणि झोतापाशी न जाता थेट त्याच्या टेबलासमोर उभी राहिली.

“शुक्रवारी चारपर्यंत कळवायचंय. करारही त्याच दिवशी संपतो.”

त्याने पत्र वाचले. नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत, तळटिपांसकट. “चांगली जागा आहे.”

“हो.”

“कायमची.”

“हो.”

“नाही म्हणायला काही कारण दिसत नाही.”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. “आणि कुणी कारण दिलं… तर?”

त्याने पत्र तिच्याकडे परत सरकवले. मग तो म्हणाला, “निर्णय तुमचा आहे. त्यावर दुसऱ्या कुणाचा भार पडू नये.”

“बरं,” ती म्हणाली, आणि पत्राची घडी पूर्वीच्या घडीवरच नीट घातली.

तो खोटे बोलला नव्हता. शुक्रवारी चारपर्यंत आपण गप्प राहायचे आणि चारनंतर, तिने काहीही ठरवले तरी, मनातले सांगायचे, असे त्याने ठरवले होते. मोकळेपणाने निवडलेलेच खरे, असा त्याचा युक्तिवाद होता. आणि तो युक्तिवाद इतका सुबक होता, की त्यामागे लपलेली भीती त्याला स्वतःलाही दिसली नाही. तिला राहायचे असेल तर ती पानावर लिहील, एवढी एक फट मात्र त्याने आपल्यासाठी उघडी ठेवली.

शुक्रवारी नऊला त्याने पान उघडले. कालचा नकाशा होता: एक तळे, भोवती डोंगर, खाली ओळ नाही. साडेनऊला त्याला चौथ्या मजल्यावर नव्या वायरिंगच्या बैठकीला जावे लागले.

तो वर असताना ती खाली आली. करार संपण्यापूर्वी आपले पान स्वतःच्या कॉम्प्युटरवरून दालनाच्या कायमच्या यंत्रावर हलवायचे होते. काम तिला त्याच सकाळी सांगण्यात आले होते. मावशींनी वहीत ‘नकाशे’ या नावापुढे नवा पत्ता घातला, बदलांच्या नोंदवहीत सही केली, आणि नियमाप्रमाणे बजावले, “तुमचं जुनं यंत्र उद्यापर्यंत बंद करू नका हं.” दुपारी त्या दात दाखवायला डॉक्टरकडे गेल्या. नोंदवही तो रोज सकाळी आल्यावर पाही. आजची पाहून झाली होती.

अकराला त्याने पान उघडले. तळे, डोंगर, ओळ नाही. साडेबाराला तळे. दोनला तळे. त्याने पान पुन्हा पुन्हा ताजे करून पाहिले, आणि त्याच्या कॉम्प्युटरने, सकाळी नऊला मिळालेले उत्तर इमानाने लक्षात ठेवून, प्रत्येक वेळी त्याला जुन्याच दाराशी नेले. दार उघडेच होते. आत कालचा नकाशा लावलेला होता.

आज तिला काही सांगायचे नाही, असे त्याने अनुमान काढले.

चार वाजून दहा मिनिटांनी तो जिना चढला. पहिल्या मजल्यापर्यंत त्याच्यापाशी एक वाक्य होते, साधे, चार शब्दांचे. दुसऱ्या मजल्यावर ते त्याला घाईचे वाटले. तिसऱ्यावर पोचेपर्यंत त्याने ते बदलले होते.

ती ब्रश धूत होती. दार वाजताच गर्रकन वळली. “आलात?” तिचा चेहरा उजळला होता, मग नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. “मी… चारला पत्र पाठवलं. जाते म्हणून.”

“हो. अभिनंदन,” तो म्हणाला. “तेच करायला आलो होतो.”

“तेवढंच?”

“चांगली जागा आहे.”

तिने ब्रश उलटा करून पेल्यात ठेवला, मग दुसरा, मग तिसरा. “बस सकाळी सातची आहे,” ती म्हणाली. “टेबल पुसून ठेवते. तुम्हाला काम असेल ना…”

त्याला काम नव्हते. तो गेला.

शनिवारी नऊ वाजून पाच मिनिटांनी, निव्वळ सवयीने, त्याने पान उघडले. कॉम्प्युटरची लक्षात ठेवायची मुदत संपली होती. त्याने वहीला नव्याने विचारले, आणि नव्या दाराशी गेला.

तळे नव्हते. तिने स्वतः काढलेला नकाशा होता, याच इमारतीचा. तळघर, गरम झोताच्या जागी लहानशी शेकोटी, मग जिना. पायऱ्या मोजून काढलेल्या: सोळा, एकोणीस, एकोणीस, बावीस. वर टेबल, आणि टेबलावर नखाएवढे बेट. खाली ओळ: ‘ही वाट अजून कोणी चाललेले नाही. आज चारच्या आत कोणी आले, तर मी पत्र पाठवणार नाही.’ आणि त्याखाली वेळ: शुक्रवार, सकाळी अकरा.

त्याने नोंदवही उघडली. मावशींची सही पाहिली. मावशींनी त्याचा चेहरा पाहिला आणि आयुष्यात प्रथमच काही न विचारता त्या बाहेर गेल्या.

तिने फोन तिसऱ्या घंटेला उचलला. मागे बसचा आवाज होता.

“मला पान आत्ता दिसलं,” तो म्हणाला.

त्याने नोंदवही जवळ ओढली.

“काल दिवसभर मला जुनंच दिसत होतं. सकाळी नऊला मी… एक दिवसाची मुदत असते, तुम्हाला सांगितलं होतं. आणि जुनं यंत्र चालू होतं, म्हणून चूक झाल्याचंही कळलं नाही. दोन्ही नियम माझेच.”

“मला वाटलं, नावांची वही ज्याच्या हातात, त्याला तर सगळ्यांत आधी दिसेल.” ती किंचित हसली; हसणे मध्येच तुटले. “मी अकरापासून जिन्याकडे कान लावून बसले होते. तीनदा कुणीतरी आलं. तिन्ही वेळा वाचनकक्षात गेलं.”

“चूक माझी आहे.”

“कुठली?”

“मुदत कमी ठेवायला हवी होती.”

मग ती बोलली, आणि सहा महिन्यांत पहिल्यांदाच तिने त्याला एकेरी हाक मारली. “अरे, पान दिसलं नाही, ते कळलं मला. पण मी तर दिसत होते ना तुला? जिना काही कुणी हलवला नव्हता.”

त्याने खण उघडला आणि तिचा अर्ज बाहेर काढला.

“मला तुम्ही… तू इथे राहावंस असं वाटतं,” तो अखेर म्हणाला.

“माहीत आहे,” ती हळूच म्हणाली. “हे काल चार वाजून दहा मिनिटांनी म्हणाला असतास, तरी मी पत्र मागे घेतलं असतं. तू अभिनंदन केलंस. मग मी घरी गेले, बॅग भरली… आणि वहिनीला म्हटलं, या वेळी तिथं पोचल्यावर सगळी उघडणार. मला आता कुणी ‘हो’ म्हणेल का, याची वाट बघत राहायचं नाहीये रे.” मग ती म्हणाली, “येते, कारभारी.”

इतर सगळे त्याला याच नावाने हाक मारत. तिने मात्र ते सहा महिने टाळले होते. बायको नवऱ्याला याच शब्दाने हाक मारते, हे तिच्याइतकेच त्यालाही ठाऊक होते. तिने तो शब्द एकदाच वापरला, जाताना.

त्यानंतर त्याने वहीतली मुदत पाच मिनिटांवर आणली. साडेआठशे यंत्रे सारखी विचारत राहिली. काही बिघडले नाही.

वर्षाने पत्त्यांची तपासणी निघाली. वापरात नसलेले राखीव पत्ते मोकळे करायचे होते. मावशी यादी वाचत होत्या, तो खुणा करत होता. दरवाजाचे कुलूप, ठेवा. जुना प्रिंटर, एकदाचा गेला, काढा. मग मावशी थांबल्या, आणि त्यांनी चष्मा वर सरकवला.

“हा एक आहे. नकाशा-दालन. वर्षभरात एकदाही वापरला नाही. मंजुरी गेल्या वर्षीची, शनिवारची… सही तुमची.” त्यांनी फाइलीतला अर्ज काढला. शेऱ्यातला ‘नामंजूर’ एका सरळ रेघेने खोडला होता; वर ‘मंजूर’ लिहिले होते.

“कारणाच्या रकान्यात लिहिलंय,” त्या सावकाश वाचू लागल्या, “‘मला इथे राहावंसं वाटतं.’” त्या त्याच्याकडे न पाहता म्हणाल्या, “हे कारण चालतं, कारभारी?”

“चालायला हवं होतं,” तो म्हणाला.

मावशींनी अर्ज परत फाइलीत ठेवला, यादीवर त्या ओळीसमोर ‘ठेवा’ अशी खूण केली, आणि पुढचा पत्ता वाचला.